गाळलेलं वाक्य

प्रिय खारुताई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. पहिलं दोन ओळींवर फाडलं. दुसरं बरं जमत होतं, पण मध्येच उठून गॅस बंद केलाय का ते बघायला गेले, तो बंदच होता, आणि परत येऊन वाचलं तर वाटलं, ही बाई कोणाला फसवतेय? तेही फाडलं. आता रेकॉर्ड रूममध्ये बसून लिहिते आहे. जेवणाची सुट्टी आहे. मोठे कारकून खाली गेलेत आणि माझा डबा बांधलेला तसाच समोर आहे. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर तू कानाला फोन लावून दुसरंच काहीतरी करत असतेस, मी विषय बदलत असते, आणि शेवटी आपण दोघी हवापाण्याबद्दल बोलून ठेवून देतो. हे तसं बोलायचं नाही.

तू रविवारी सकाळी गेलीस तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. दूध उतू गेलं. शेजारच्या काकूंनी हाक मारली, तर मी 'आले' म्हणून भलत्याच दिशेला चालू लागले. 'काय गं, कशात हरवलीस?' म्हणाल्या. काय सांगू? दारात बुटाची नाडी बांधताना तू मान वर न करता विचारलंस, 'आई, तू काय केलं असतंस?' आणि मी ताट पुसत म्हणाले, 'करून टाक सही. वरचे सांगतात तसं करावं, आपण लहान माणसं.' तू 'बरं' म्हणालीस आणि गेलीस. पोरी, तू बरं म्हणणारी मुलगी नाहीस. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून माझ्याशी अर्धा तास वाद घालणारी तू. ते 'बरं' तेव्हापासून मला खड्यासारखं टोचतंय. शुक्रवारी तुला चौकशीच्या लोकांसमोर त्या कागदावर सही करायची आहे. आज मंगळवार. संध्याकाळची बस घेऊन जाणारा ड्रायव्हर ओळखीचा आहे, पाकिटं पोचवतो, आज जमलं नाही तर उद्या त्याच्याकडे देईन. म्हणजे गुरुवारी तुझ्या हातात पडेल.

तू तीन दिवस घरी होतीस आणि तीन दिवस तुकड्या-तुकड्यांनी सांगत होतीस, कधी शेवटापासून, कधी मधूनच. माझी हयात फायली क्रमानं लावण्यात गेली, म्हणून तुझे तुकडेही मी क्रमानं लावून बघितले. चुकलं असेल तर सांग. त्या दिवशी वारा जोराचा होता, आणि अशा दिवसांत एकही पवनचक्की थांबलेली तुमच्या साहेबांना खपत नाही. सतरा नंबरची सकाळपासून थांबलेली दिसत होती. तू जवळपास होतीस म्हणून त्यांनी तुला फोन करून पिटाळलं. तू गेलीस. बाहेर गाडी नव्हती, टॉवरचं दार लोटलेलं होतं. आत मेन स्विचला लाल कुलूप होतं आणि कुलपाच्या पट्टीवर तुला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा फोटो, म्हणजे ते आत काम करतायत ही खूण. तू साहेबांना सांगितलंस, कुलूप आहे. साहेब म्हणाले, 'काल तिथं काम करत होता, विसरून गेला असेल. म्हातारा घरची किल्लीसुद्धा विसरतो. काप ते.' तू उस्तादांना फोन लावलास, तो लागला नाही, त्या लोखंडी नळकांड्यात कुठला लागतोय. तू एकदा हाक मारलीस. मग तुझ्या गाडीतला कटर आणून कुलूप कापलंस आणि स्विच वर केलास. वरची खोली वाऱ्याकडे तोंड करून आपोआप वळते म्हणालीस ना, ती वळायला लागली, आणि उस्ताद त्याच वेळी तिच्या दातेरी चाकाला ग्रीस लावत होते. त्यांचा जोडीदार गाडी घेऊन सामान आणायला गेला होता. माणसाला एकटं वर सोडायचं नाही असा नियम आहे, पण तो तुमच्याकडे रोज मोडतो. डाव्या हाताची दोन बोटं गेली. तू म्हणालीस, 'आई, हाक वर गेली नाही गं, पण किंकाळी खाली आली.' हे वाक्य मी रविवारपासून डोक्यातून काढू शकलेले नाही.

मग साहेब तिथं पोचले आणि त्यांनी कापलेलं कुलूप उचलून खिशात घातलं. दोन दिवसांनी टाइप केलेला कागद आला. स्विचला कुलूप नव्हतं, कामगार कुलूप न लावताच वर चढला, आणि हे तू डोळ्यांनी पाहिलंस, अशी तुझी साक्ष. सही केलीस तर तुझी नोकरी राहते, साहेबांची राहते, आणि सगळा दोष त्या दोन बोटं गेलेल्या माणसावर पडतो. नाही केलीस तर पहिलं बोट तुझ्याकडेच दाखवतील, कारण कटर तुझ्या हातात होता आणि 'काप' म्हटल्याचा पुरावा हवेत विरला. हे मला सगळं कळत होतं. कळूनही मी 'करून टाक' म्हणाले. ताट पुसत. ते ताट कोरडंच होतं.

तुझ्या नोकरीचा मला किती अभिमान आहे हे मी तुला कधी धड सांगितलं नाही. माझा अभिमान टोमण्यातूनच बाहेर पडतो. पहिल्यांदा टॉवर चढलीस तेव्हा तू वरून व्हिडिओ पाठवलास. खाली गाई मुंग्यांएवढ्या, तुझे केस हेल्मेटबाहेर उडतायत आणि तू ओरडतेस, 'आई, बघ!' मी काय म्हणाले? 'केस आत घाल.' पण तो व्हिडिओ मी इथल्या प्रत्येकाला दाखवला, पाणी भरणाऱ्या बाईपासून मोठ्या साहेबांपर्यंत. मोठे कारकून म्हणाले, 'तुमच्या लेकीला खाली उतरवायला अग्निशमनवाले बोलवावे लागतील.' मी म्हणाले, 'ती कपाटावर चढायची तेव्हाही स्वतःच उतरायची.' कपाटावर बसून तू शेंगा सोलायचीस, म्हणून तर तुझ्या बाबांनी तुला खारुताई नाव ठेवलं. तुझ्या नखांतलं ते काळं ग्रीस, पायाच्या बोटांना आलेले घट्टे, साइटवर बायकांसाठी सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता राहणं, यातलं तू मला काही सांगितलं नाहीस. पण घरी आलीस की तांब्यावर तांब्या पाणी पितेस, ते मी बघते. आणि तुझी ती सवय. बोल्ट आवळला की बोल्टवर आणि त्याच्या खालच्या पत्र्यावर मिळून एक पिवळी रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट हलला. गेल्या खेपेस तू घरातल्या पंख्याला, कुकरच्या दांड्याला आणि संडासाच्या कडीलासुद्धा रेघा ओढून ठेवल्यास. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, लेक इंजिनिअर आहे, घराची तपासणी करून गेली.

इतकी काळजी घेणारी मुलगी. आणि ती तशी का झाली, हे मला ठाऊक आहे. मीच केली. तू पहिली-दुसरीत असल्यापासून मी तुझ्यामागे एकच टुमणं लावलं होतं. रस्ता ओलांडताना, चुलीपाशी, जिन्यात, प्रत्येक वेळी तेच. तुझे बाबा निष्काळजी होते. लाइन बंद न करता खांबावर चढले आणि गेले. तू तशी होऊ नकोस. ते गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, तुला ते धड आठवतही नाहीत. माझ्या तोंडून ऐकलेले बाबाच तुझे बाबा. शनिवारी जेवताना तू घास हातात धरून म्हणालीस, 'शेवटी मी बाबांवरच गेले.' मी भाजी वाढली. दुसरं काही केलं नाही. नुसती भाजी वाढली.

सुट्टी संपली. कारकून जिना चढतायत, दम लागल्यावर ते प्रत्येक पायरीला एक शिवी देतात, त्यावरून कळतं. उरलेलं घरी लिहीन.

घरी आले. चहा केला, प्यायले नाही. कालचं तुला सांगायचं राहिलंय, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. काल मी अर्धी रजा टाकून इस्पितळात गेले. उस्तादांना इथंच आणलंय हे तू बोलून गेली होतीस. तू स्वतः गेली नाहीस, तुझी हिंमत झाली नाही, आणि मी तुला दोष देत नाही. मला बघायचं होतं. काय बघायचं होतं ते बसमध्ये बसेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. बसमध्येही दोनदा वाटलं उतरावं. एकदा उतरलेसुद्धा, आणि नेमका तोच इस्पितळाचा थांबा निघाला.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसरा पलंग. मी समजत होते उस्ताद म्हणजे कोणी धिप्पाड माणूस असेल. हे तर काटकुळे, पांढऱ्या मिशांचे, आणि पलंगावरही बसल्याबसल्या पाय हलवणारे. मी म्हणाले, मी अमुकची आई. त्यांनी उशी सरकवून मला जागा केली. म्हणाले, 'या ताई. तुमच्या पोरीनं पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, उस्ताद, वर गेल्यावर भीती वाटली तर काय करायचं? मी म्हणालो, भीती वाटली तर शिडी घट्ट धरायची, नाही वाटली तर आणखी घट्ट धरायची. तेव्हापासून ती माझ्यापेक्षा घट्ट धरते.' मी हाताकडे बघत होते, भलामोठा पांढरा गोळा बांधलेला. ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, 'अहो आठ उरलीत. आमच्या साहेबांचे गुण मोजायला आठ फार झाली.' त्यांच्या बायकोनं तोंड फिरवलं. तिला तो विनोद दिवसातून दहा वेळा ऐकावा लागत असेल. लहान चणीची बाई, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, हातातली पिशवी सारखी उघडते आणि मिटते.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, 'कुलूप मी लावलं होतं, ताई. किल्ली अजून माझ्याकडं आहे. कुणी काढलं मला माहीत नाही, आणि वाऱ्यानं तर काढलं नसेल.' मग म्हणाले, 'तुमची पोर तिथं खाली होती म्हणे. तिनं पाहिलं असेलच. तिला विचारतील तेव्हा ती काय ते सांगेल, ती खोटं बोलायची नाही.' त्यांना खरंच माहीत नाही, की माहीत असून ते तुला वाट मोकळी ठेवत होते, ते मला समजलं नाही. माणूस सरळ माझ्याकडे बघत होता. मीच खिडकीकडे बघत होते.

निघताना त्यांची बायको माझ्यामागे व्हरांड्यात आली. पिशवीतून घडी केलेला कागद काढला. म्हणाली, 'ऑफिसचा माणूस देऊन गेला. म्हणतो, बुधवारी दुपारी येतो, तोवर सही करून ठेवा, म्हणजे पुढचं सगळं लवकर होईल. यांचा उजवा हात चालतो, पण यांना दाखवला तर रागानं फाडतील, म्हणून मीच करते म्हटलं. मला वाचता येत नाही. तुम्ही वाचता ना? काय लिहिलंय?' मी कागद घेतला आणि वाचायला लागले. नाव, हुद्दा, तारीख, टॉवरचा नंबर. मग ते वाक्य आलं. सदर कामगार वीजपुरवठा बंद न करता स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी झाला, याबद्दल कुटुंबाची कोणतीही तक्रार नाही. माझा आवाज तिथं थांबला. मी घसा खाकरला आणि म्हणाले, 'पुढं नेहमीचंच आहे हो. ऑफिसची भाषा.' आणि कागदाची घडी घालून तिला दिली. 'बरं झालं बाई, तुम्ही आलात,' म्हणाली ती. खाली औषधांच्या दुकानासमोर बाकावर मी कितीतरी वेळ बसून राहिले. दुकानदारानं पाणी आणून दिलं. तो म्हणाला, 'मावशी, कोणी गेलं का तुमचं?' मी म्हणाले, 'हो. एकोणीस वर्षं झाली.' तो गोंधळून आत गेला.

आज बुधवार. काल इथंच थांबले होते. पेन उचलत होते आणि ठेवत होते. सकाळी सात वाजताच इस्पितळात गेले. भेटायची वेळ नव्हती, दारावरच्या माणसानं अडवलं, म्हणाला, 'मावशी, चारनंतर या.' मी म्हणाले, 'चारला उशीर होईल, बाबा.' माझं तोंड बघून त्यानं सोडलं. ती व्हरांड्यातल्या नळावर कपडे पिळत होती. मी म्हणाले, कागद द्या. ओल्या हातानं तिनं दिला. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि ते वाक्य दोनदा वाचलं, मग माझ्या साध्या बोलीत सांगितलं की यात तुमच्या नवऱ्याला बेपर्वा ठरवलंय. ती म्हणाली, 'परवा का नाही सांगितलंत?' मी म्हणाले, 'परवा मी घाबरले.' तिनं कारण विचारलं नाही. कागद पिशवीत नीट ठेवला आणि म्हणाली, 'दुपारी येतो म्हणाला आहे. येऊ दे.' तेवढंच. आवाज चढला नाही, डोळे ओले झाले नाहीत. कुलूप कोणी कापलं, ते मी तिला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते सांगायचं काम तुझं आहे, आणि ते मी उचललं तर आयुष्यभर तुझ्या तोंडून काढून घेतल्यासारखं होईल. तुझ्या नोकरीबरोबर ती छोटी पुस्तिका आली होती ना, मी पाट मांडून, बोट ठेवून सगळी वाचली होती. त्यातलं एक पान मला पाठ आहे. कुलूप ज्याचं, त्यानंच काढायचं. हे त्या सतरा नंबरला तुला आठवायला हवं होतं. दुसरी हाक मारायला हवी होती, वर चढून बघायला हवं होतं, साहेब फोनवर कितीही तडतडले तरी. तुझी चूक झाली. मोठी झाली. मी आई आहे म्हणून ती लहान होत नाही. पण चूक झाली की ती चूकच असते, पोरी. सही केलीस की तिचं दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याचं काय होतं ते मी तुला आता सांगते, कारण माझ्याइतकं ते कोणाला माहीत नाही.

तुझे बाबा खांबावर चढण्याआधी रोहित्राच्या पेटीतून तिन्ही फ्यूज काढायचे आणि शर्टाच्या खिशात घालायचे, ते चिनीमातीचे पांढरे ठोकळे असतात ते. त्यांच्या काळी तुमच्यासारखी फोटोची कुलपं नव्हती, प्रत्येक लाइनमन असंच करायचा. फ्यूज माझ्या खिशात तर लाइन कोण चालू करणार? एकदा काम संपवून ते विसरले आणि फ्यूज खिशात घेऊनच जेवायला घरी आले. भर उन्हाळ्याची दुपार. पंधरा मिनिटांत दारात अख्खी गल्ली. छापखानेवाला, पिठाच्या गिरणीचा मालक पीठ माखलेला, आणि एक आजी हातपंखा हलवत, 'अरे मेल्या, आमचा वारा खिशात घालून जेवतोस?' उष्ट्या हातानं पळत गेले होते. असा माणूस. विसरला तर घालायला विसरायचा, काढायला कधी विसरला नाही. ते गेले त्या दिवशी इस्पितळातून कपड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं, आणि शर्टाच्या खिशात तीन फ्यूज होते. तिन्ही. त्यांनी लाइन बंद केली होती. कोणाला तरी घाई होती, आणि कोणीतरी फ्यूजच्या जागी तारा जोडून ती चालू केली. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. चौथ्या दिवशी ऑफिसचा एक कारकून कागद घेऊन आला, भला माणूस होता, त्याचे डोळे लाल होते. मला तेव्हा सही करता यायची, वाचता यायचं नाही. त्यानं वाचून दाखवलं, आणि मधे एका जागी घसा खाकरून म्हणाला, 'पुढं नेहमीचंच आहे, वहिनी.' मी फ्यूज लुगड्याच्या घडीत ठेवले होते, ते त्याला दाखवले नाहीत, आणि सही केली. त्या सहीवर मला त्याच वीज ऑफिसात शिपायाची जागा मिळाली आणि आपली ही खोली मिळाली. फायलींच्या पाठीवरची अक्षरं जुळवत जुळवत मी वाचायला शिकले. तुझ्या शाळेतल्या बाईंना तुझ्या आईचं कौतुक वाटायचं, आठवतं? दुसऱ्या वर्षी एका दुपारी मी तुझ्या बाबांची फाईल काढली आणि ते गाळलेलं वाक्य वाचलं. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. खाली माझी सही, वाकडीतिकडी. तेव्हा बोलता आलं असतं. फ्यूज होते, अक्षर होतं. मी फाईल जागेवर ठेवली, घरी आले, आणि तू बाबा कसे गेले विचारलंस तेव्हा तेच वाक्य तुला सांगितलं. मग सांगतच गेले. सतरा-अठरा वर्षं त्या कागदानं केलं नसेल तेवढं मी केलं. मेलेल्या माणसाला रोज थोडं थोडं बेपर्वा ठरवलं, त्याच्याच लेकीसमोर, तिला नीट वाढवायचं म्हणून. रविवारी दारात तू विचारलंस, तू काय केलं असतंस? मी करूनच बसले होते, बाळा. म्हणून 'करून टाक' म्हणाले. तू सही केलीस तर मी एकटी उरणार नाही, असा कुठला तरी घाणेरडा विचार त्यात असावा. तो परत घ्यायला हे पत्र लिहिलं. शुक्रवारी सही करू नकोस. जे झालं ते सांग, तुझ्या हातातल्या कटरसकट. ते नोकरीवरून काढतील, कदाचित पोलिसांपर्यंत जाईल. मी शुक्रवारची रजा टाकली आहे आणि गुरुवारच्या बसनं येते आहे, दाराबाहेर बाकावर बसेन. उस्ताद काय म्हणतील मला माहीत नाही. माफ करतीलच असं धरून चालू नकोस. आणि शनिवारी तू जे म्हणालीस त्याला मी उत्तर दिलं नव्हतं, ते आता देते. तुझे बाबा निष्काळजी नव्हते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, कोणी सांगितलं म्हणून नाही, नीट वाचून, आणि त्याच्या खाली सही करते आहे.

तुझीच,
आई